मी काहीच केलं नाही

‘मावशी, ब्रश चालंना.’

लग्नपत्रिकांचा सीझन सरतो आणि शाळा-कॉलेजांच्या फ्लेक्सची कामं सुरू होतात, त्या दिवसांत ही हाक दुकानात दोनदा तरी येते. हाक मारणारा पोरगा बदलतो. इतक्या वर्षांत माझ्याकडे सात-आठ जण शिकून गेले. मी उठते, त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहते आणि विचारते, ‘काय केलंस?’

‘काय बी न्हाई केलं. आपोआप झालं.’

तो खोटं बोलत नसतो, हे कळायला मला फार वर्षं लागली. सुरुवातीला मी चिडायचे. मशीन आपोआप काही करत नाही, तूच कुठेतरी बोट लावलं असणार, असं म्हणून त्याला बाजूला सारायचे आणि स्वतः बसून दोन मिनिटांत दुरुस्त करून द्यायचे. त्याला काही कळायचं नाही आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच हाक यायची. आता मी बसत नाही, मागेच उभी राहते.

फोटोशॉपमध्ये कीबोर्डवरचं जवळपास प्रत्येक अक्षर म्हणजे एक हत्यार आहे. ब्रश हातात असताना १ दाबलं की ओपॅसिटी दहा टक्क्यांवर येते, ० दाबलं की परत शंभरावर जाते. मोबाईल उचलायला हात लांबवला आणि मनगट आकड्यांच्या रांगेवर टेकलं, एवढंच झालेलं असतं. मग रंग लागतो, पण इतका फिका की दिसत नाही. कॅप्स लॉक चालू राहिलं तर ब्रशचं वर्तुळ जाऊन तिथे बारीक फुली येते आणि पोरगा म्हणतो ब्रशची साइझ वाढत नाही. साइझ वाढलेली असते, फक्त दिसत नसते. क्यू दाबलं गेलं तर क्विक मास्क चालू होतो. काळा मारायला जावं तर चित्रावर तांबूस पडदा चढतो. आणि टॅब! उजवीकडची पॅनेल, डावीकडची हत्यारं, सगळं एका क्षणात नाहीसं. एका शाळेतल्या बाईंनी मला रात्री साडेदहाला फोन केला होता, गॅदरिंगचं बॅनर करत होत्या. आवाज रडवेला, ‘सगळं गेलं हो.’ मी म्हटलं, टॅब दाबा. पलीकडे शांतता, मग एक मोठा सुस्कारा ऐकू आला.

पण सगळ्यात जास्त वेळा दोषी निघतात त्या मुंग्या. सिलेक्शन केलं की त्याच्या कडेनं ज्या तुटक रेषा फिरतात त्यांना आमच्याकडे सगळे मुंग्याच म्हणतात. चुकून चित्राच्या एखाद्या कोपऱ्यात दोन पिक्सेलचं सिलेक्शन राहून गेलेलं असतं. पोरगा झूम करून दुसऱ्याच टोकाला चेहऱ्यावर काम करतोय. सॉफ्टवेअर बिचारं सांगितलेलं तंतोतंत पाळतंय, त्या दोन पिक्सेलांच्या आतच रंगवतंय. कंट्रोल-डी दाबलं की संपलं. पण ते दाबण्याआधी मी पोराला झूम आऊट करायला लावते आणि त्या मुंग्या शोधायला लावते. त्या त्यानं डोळ्यांनी बघितल्या पाहिजेत.

म्हणून माझा प्रश्न आता ‘काय केलंस’ असा नसतो. मी विचारते, ‘शेवटचं कधी चालत होता?’ या प्रश्नाला उत्तर मिळतं. ‘जेवायला उठलो त्याच्या आधी.’ ‘मास्क लावला तोपर्यंत.’ मास्क म्हणजे लेअरचा, चित्राच्या एका थराचा, काही भाग झाकणारा पडदा. मास्क म्हटल्याबरोबर मी लेअरच्या चौकटीकडे बघते. पांढरी कड चित्राच्या खिडकीभोवती आहे की मास्कच्या? मास्कच्या असेल तर हा चेहऱ्यावर रंग लावायला जातोय आणि खरं तर चेहरा झाकतोय किंवा उघडा करतोय. डॉक्टरही आधी ‘कधीपासून’ हेच विचारतात.

गेल्या वर्षी सायबर कॉलेजच्या बाजूला राहणारी एक मुलगी लॅपटॉप घेऊन आली होती. तिच्याकडे गिंप होतं, फोटोशॉपसारखंच चित्राचं सॉफ्टवेअर. फोटोशॉपचे दर महिन्याचे पैसे परवडत नाहीत म्हणून गिंप वापरणारे आता बरेच झालेत आणि मला ते मनापासून आवडतं. १९९५ साली बर्कलीच्या विद्यापीठात स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी ते सुरू केलं, तेव्हापासून ते फुकटच आहे. तिचा ब्रश चित्राच्या एका भागात चालायचा आणि एका अदृश्य रेषेपलीकडे थांबायचा. तिनं दोनदा सॉफ्टवेअर काढून परत टाकलं होतं. गिंपमध्ये प्रत्येक लेअरला स्वतःची हद्द असते. बाहेरून आणलेलं चित्र लहान असेल तर त्याचा लेअरही तेवढाच लहान, आणि त्याच्या पिवळ्या तुटक चौकटीबाहेर ब्रश उमटत नाही. लेअर मेनूत जाऊन त्याला चित्राएवढं केलं की झालं. पिवळी रेघ तिला दिसत होती, पण ती नुसती सजावट असेल असं तिला वाटत होतं.

दोनदा काढून परत टाकलं, या गोष्टीचं मला वाईट वाटलं. ही सवय आपल्याकडे खोल गेली आहे. काही बिघडलं की फॉरमॅट मार, रीइन्स्टॉल कर, रीसेट कर. रीसेटला माझा विरोध नाही. फोटोशॉप सुरू होतानाच कंट्रोल, ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र धरून ठेवलं की ते विचारतं, सेटिंग्जची फाईल पुसू का? कधीकधी ती फाईल खरंच बिघडलेली असते आणि मग दुसरा इलाज नसतो. पण तिथपर्यंत जायच्या आधी निदान दहा मिनिटं बघावं. रीसेटनं बिघाड जातो आणि त्याच्याबरोबर तो का झाला याचा पुरावाही जातो.

हे बघत बसणं मी मामाकडून शिकले. मामा एका स्टुडिओत रिटचिंग करायचा. उजेडाच्या पेटीवर निगेटिव्ह ठेवून, डोळ्याला भिंग लावून, सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलनं. निगेटिव्हवर आधी रिटचिंग मीडियम पुसून घ्यायचं, म्हणजे पेन्सिल धरते. प्रिंटवर जी सुरकुती काळी दिसते ती निगेटिव्हवर मोकळी असते. तिथे पेन्सिलीचे बारीक ठिपके भरले की प्रिंटवर ती सुरकुती हलकी होते. सगळं उलटं. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायचे. मला आठवतं ते त्याचं पेन्सिल चालवणं नव्हे, त्याचं पेन्सिल न चालवणं. पाव-पाव तास तो नुसता भिंगातून बघत असायचा. मी विचारायचे, मामा, सुरू कधी करणार? तो म्हणायचा, ‘चालूच आहे की.’ निगेटिव्ह एकच असते. चुकलं तर मीडियमसकट पुसून परत करता येतं, पण ब्लेडनं खरवडलेलं परत येत नाही.

माझं दुकान कोल्हापुरात, खरी कॉर्नरपासून चालत पाच मिनिटांवर आहे. रोज येता-जाता तिथला कॅमेरा मानस्तंभ दिसतो. बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतः सिनेमाचा कॅमेरा बनवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. लहानपणी मला त्याचा नुसता अभिमान वाटायचा. आता वेगळंच मनात येतं. त्यांची पहिली काही फूट फिल्म धुरकट आली असेल, हलली असेल, फाटली असेल. तेव्हा ‘का’ हे विचारायला त्यांच्यासमोर कोण होतं? समोरचं यंत्र आणि स्वतःचे डोळे. कलापूर म्हणून आपण मिरवतो ते चित्रांमुळे आणि सिनेमामुळे, पण त्या कलेच्या पोटात असली किती न दिसणारी दुरुस्ती असेल.

आता मराठीचं दुखणं सांगते, कारण हे दुखणं आमचं आहे आणि त्याच्यावर मी सगळ्यात जास्त रात्री घालवल्या आहेत.

डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवणं, सुरू झालं तेव्हा आमचे मराठी फॉन्ट खरे मराठी नव्हते. इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरीचा आकार बसवलेला असायचा. कॉम्प्युटरच्या दृष्टीनं आम्ही इंग्रजीच टाइप करत होतो, दिसत मराठी होतं. फॉन्ट असेल तर पत्रिका, फॉन्ट नसेल तर एबीसीडीचा कचरा. अजूनही कोणी जुनी फाईल घेऊन आलं की मी आधी विचारते, टाइप कुठल्या फॉन्टात केलं होतं? नाव कळलं तर निम्मं काम झालं. मग युनिकोड आलं, म्हणजे प्रत्येक अक्षराला एक ठरलेला आकडा, आणि मराठी अक्षराला स्वतःची जागा मिळाली. आमच्यासारख्यांना वाटलं, सुटलो.

पण चित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी टाइप केलं की ती फुटायची. युनिकोडमध्ये अक्षरं आपण बोलतो त्या क्रमानं साठतात. ‘कि’ म्हणताना आधी क, मग वेलांटी. लिहिताना मात्र पहिली वेलांटी क-च्या डावीकडे येते. साठवलेला क्रम आणि दिसण्याचा क्रम यांची ही अदलाबदल करायला मध्ये कोणीतरी लागतं, ते काम अक्षररचनेचं इंजिन करतं. ‘कोल्हापूर’ हा शब्द पोटात नऊ तुकड्यांचा असतो: क, ओकार, ल, पाय मोडायची खूण, ह, काना, प, दीर्घ उकार, र. इंजिनला देवनागरी येत नसेल तर ते हे तुकडे नुसते एकामागे एक मांडत जातं. लचा पाय मोडून लटकतो आणि ह वेगळाच उभा राहतो. वेलांटी उजवीकडे पडते. रफार तर डोक्यावर चढतच नाही.

फोटोशॉपमध्ये याला इलाज आहे. थोड्या जुन्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेसमध्ये टाइप या भागात जायचं आणि वर्ल्ड-रेडी लेआउट निवडायचा. त्याहून जुन्या आवृत्त्यांत तिथे मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन असं लिहिलेलं असायचं. मग सॉफ्टवेअर बंद करून परत सुरू करायचं. आणि इथे बहुतेक जण अडकतात: आधी टाइप केलेला मजकूर तरीही फुटलेलाच राहतो, कारण जुना टेक्स्ट लेअर जुन्याच रचनेत असतो. तो निवडून पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून वर्ल्ड-रेडी करावा लागतो. हे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी जण सेटिंग बदलून बघतात, काही फरक नाही म्हणून सोडून देतात आणि परत जुन्या फॉन्टाकडे वळतात.

हे एवढं तपशिलात सांगण्याचं कारण आहे. एकदा संध्याकाळी घरी जाताना मी रस्त्याच्या कडेला एक फ्लेक्स बघितला. कुणाचं तरी प्रथम पुण्यस्मरण होतं. मोठा फोटो, हार, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. त्यातला रफार ण-वर न चढता र होऊन खाली पडला होता, पाय मोडून. पुढे द्ध सुटला होता. गाडी बाजूला घेऊन मी थांबले. तो फ्लेक्स माझ्या दुकानातला नव्हता, पण कुठल्यातरी दुकानात कुठल्यातरी पोरानं ते बघितलं असणार, त्याला ते बरोबर करता आलं नसणार, आणि त्यानं ते तसंच मशीनवर पाठवलं असणार. घरच्यांनी फोटो तपासला असेल, तारीख तपासली असेल. आपल्या माणसाला शेवटचे दोन शब्द म्हणायचे आणि तेही मोडलेले. त्या दिवसापासून माझ्याकडून मराठी मजकूर जाताना मी तो मोठ्यानं वाचते. मनात वाचलं तर डोळा चूक भरून काढतो. वेळ नसेल तर सरळ सांगते, मजकूर दुसरीकडे नीट टाइप करून चित्र म्हणून चिकटव, पण मोडका पाठवायचा नाही.

बाकीच्या अडचणी मला इतक्या जिव्हाळ्याच्या वाटत नाहीत. स्क्रीनवर लखलखीत दिसणारा निळा छापल्यावर मळका येतो, कारण पडदा तीन दिव्यांच्या उजेडानं रंग करतो आणि छपाई चार शाईंनी. काही निळे आणि हिरवे शाईत बसतच नाहीत. हे गिऱ्हाईकाला आधीच छापून दाखवलं तर भांडण होत नाही. एवढं पुरे.

२०१९ चा ऑगस्ट. ज्यांनी तो कोल्हापुरात काढला त्यांना वेगळं सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी त्याच्याही कितीतरी वर गेलं. हायवे बंद, पेट्रोल नाही, प्यायला पाणी नाही. चिखली आणि आंबेवाडीची माणसं बोटीनं बाहेर काढली. पाणी ओसरल्यावर लोक घरं धुवायला लागले आणि मग माझ्या दुकानात फोटो यायला लागले. पिशवीतून, ताटातून, ओल्या टॉवेलात गुंडाळून.

आबा त्यातले एक. चिखलीचे. काखेत आठ बाय दहाची फ्रेम, काचेच्या आत चिखलाची रेघ. आत त्यांच्या मंडळींचा फोटो. जोतिबाच्या यात्रेत काढलेला, मागाहून मोठा करून घेतलेला. त्या जाऊन बरीच वर्षं झालेली. दुसरा फोटो नाही. ‘काचंतनं सुटंना,’ आबा म्हणाले, ‘सुरी घालू काय?’

मी त्यांचा हात धरला. फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो. तो पाण्यानं फुगतो आणि वाळताना काचेला डिंकासारखा चिकटतो. सुरी घातली असती तर चेहरा काचेबरोबर निघून आला असता. मी फ्रेम मागून उघडली आणि काचेसकट फोटो स्कॅनरवर ठेवला. सहाशे डीपीआय, म्हणजे इंचाला सहाशे ठिपके, सोळा बिट. चार हजार आठशे बाय सहा हजार, म्हणजे दोन कोटी अठ्ठ्याऐंशी लाख ठिपके आणि एका थराचे सुमारे १७० एमबी. माझा तेव्हाचा कॉम्प्युटर सहाव्या-सातव्या लेअरला कुरकुरायला लागला आणि मग तो निरोप आला: स्क्रॅच डिस्क भरली आहे, तुमचं काम पूर्ण करता येत नाही.

या निरोपानं लोक घाबरतात, फाईल गेली असं समजतात. रॅम पुरली नाही की सॉफ्टवेअर हार्ड डिस्कचा एक कोपरा पाटीसारखा वापरतं, तिथे आकडेमोड मांडतं, पुसतं. हिस्ट्रीच्या, म्हणजे केलेल्या कामाच्या नोंदीतल्या, प्रत्येक पायरीचा भार त्याच पाटीवर. माझ्या सी ड्राइव्हवर जागा उरली नव्हती, पुराच्या दिवसांत आलेले सगळे स्कॅन मी तिथेच टाकले होते. ते दुसऱ्या डिस्कवर हलवले, आधी सॉफ्टवेअर बंद पडलेलं असताना मागे राहिलेल्या टेम्प फायली पुसल्या, स्क्रॅच डिस्क मोकळ्या ड्राइव्हवर नेली. पुढे फाईल दोन जीबीच्या वर गेली तेव्हा पीएसडीत, फोटोशॉपच्या नेहमीच्या फाईल प्रकारात, सेव्ह होईना. त्या प्रकाराची हद्दच तेवढी आहे. पीएसबीत, मोठ्या फायलींच्या प्रकारात, केली. हे सगळे निरोप मला आवडतात. रुक्ष असतात, पण खरे असतात. जे जमत नाही ते जमत नाही म्हणतात.

त्या वेळी एवढी कामं होती की आबांना मी पाच बाय सातचा, बऱ्यापैकी स्वच्छ केलेला फोटो करून दिला. मूळ स्कॅनला हात न लावता तो दोन डिस्कवर ठेवून दिला.

आबा परत आले ते गेल्या वर्षी. नवं घर बांधलेलं, नातवाचं लग्न ठरलेलं, सोप्यात मोठा फोटो लावायचा होता. मी बाहेरगावी होते. दुकानातल्या पोरानं मनापासून काम केलं. आपल्या मोबाईलवरच्या एका ॲपमध्ये तो फोटो टाकला. एक बटण. अर्ध्या मिनिटात डाग गेले, डोळे चमकले, कातडी साफ, ओठ रेखीव. कुठलाही निरोप आला नाही, काही अडलं नाही, काही बंद पडलं नाही. बारा बाय अठराची प्रिंट काढून त्यानं ठेवली आणि मी आले त्या दिवशी आबा न्यायला आले.

त्यांनी प्रिंट हातात घेतली. उजेडाला धरली. बराच वेळ काही बोलले नाहीत.

‘ही आमची न्हवं,’ म्हणाले.

पोरगा माझ्याकडे बघायला लागला. ‘मावशी, मी काहीच केलं नाही. ॲपनंच केलं.’

आणि तो खरं बोलत होता. या वेळी मला विचारायला काही उरलं नव्हतं. शेवटचं कधी चालत होतं? चालतच होतं. हिस्ट्री बघावी तर हिस्ट्री नाही. लेअर नाही, मास्क नाही, मुंग्या नाहीत. कुठल्या जागी काय काढलं आणि काय घातलं याचा मागच नव्हता. मी जुना स्कॅन उघडला, नवी प्रिंट पडद्याशेजारी धरली आणि शोधायला लागले. डोळे मोठे केले होते, हे लगेच दिसलं. भुवया सारख्या केल्या होत्या. पण आबांना खटकलं होतं ते वेगळंच असावं.

‘हिला देवी आलेल्या ल्हानपणी,’ आबा म्हणाले. ‘तोंडभर वण हुते की.’

देवीचा रोग भारतातून १९७५ साली गेला. जगातून गेल्याचं १९८० साली जाहीर झालं. माझ्या दुकानातल्या पोरानं देवीचे वण असलेला चेहरा जवळून कधी बघितलेला नव्हता. त्या ॲपलाही ते ठाऊक नसणार. त्याच्या लेखी गालावरचा खड्डा आणि पुराच्या पाण्याचा डाग दोन्ही सारखेच, दोन्ही बिघाड. दोन्ही पुसले. आणि मला कबूल करायला हवं, २०१९ मध्ये घाईत मीही काही पुसले होते. कमी पुसले म्हणून आबा तेव्हा काही बोलले नसतील.

मी मूळ स्कॅन पुन्हा घेतला. रंगीत फोटोच्या कागदावर रंगांचे तीन थर असतात, सगळ्यात वर निळसर, मग गुलाबी, तळाला पिवळा. पाणी वरून खात आलं की आधी निळसर जातो आणि डाग तांबडा दिसतो. गुलाबी गेला की पिवळा. पिवळाही गेला की कोरा कागद. म्हणजे तांबडे, पिवळे, पांढरे डाग पाण्याचे, हे नक्की. ते मी नव्या लेअरवर एकेक करून भरले, खालचं चित्र तसंच ठेवून. पण आणखी एक जात होती, कातडीच्याच रंगाची, बारीक सावली असलेली. फुगून बसलेल्या जिलेटिनची घडी असेल नाहीतर गालावरचा वण असेल. तीनशे टक्के झूम करून बघितलं, रंगांचे चॅनेल वेगळे करून बघितले. मामा बघायचा तसं बघत बसले. हाताला धीर होईना.

मग आबांना फोन केला. बुधवारी ते पहिल्या एसटीनं आले. मी त्यांच्यासाठी खुर्ची पडद्याजवळ ओढली, पोराला माऊसवर बसवलं आणि स्वतः मागे उभी राहिले. चहा आला, गार झाला. आबांनी चष्मा पुसला. पोरगा एकेका ठिपक्यावर फुली नेऊन थांबायचा आणि आबा बोट लावून सांगायचे. बोटाचा ठसा पडद्यावर उमटत होता, मी पुसला नाही.

‘ह्यो देवीचा.’

‘ह्यो पाण्याचा.’

‘ह्योबी पाण्याचा. काढ.’

‘ह्यो हितला, नाकाच्या बाजूचा, ह्यो देवीचा. त्यो लई खोल हुता.’

पोरगा देवीच्या वणांवर नव्या लेअरमध्ये हिरवी खूण करत होता, पाण्याच्या डागांवर तांबडी. दीड तास. कपाळाच्या उजव्या बाजूला, कुंकवाच्या जरा वर, एक ठिपका होता. तिथे आबा थांबले. जवळ वाकले. मागे सरले. चष्मा काढून बघितलं.

‘ह्यो आठवंना,’ म्हणाले.

पोरानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही.

‘र्‍हाऊ दे त्यो,’ आबा म्हणाले.

त्यानं तिथे हिरवी खूण केली.